घटक ३ : मराठी ऐतिहासिक प्रणयकादंबरी – मानी नायिका, उमराव नायक आणि वाचनाचा आनंद

३.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणास,
• मराठी ऐतिहासिक कादंबरीतील प्रणयाच्या धाग्याची परंपरा सांगता येईल.
• शेवट आधीच ठाऊक असलेली कथा वाचताना मिळणाऱ्या आनंदाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• नायिकेचा मानीपणा संवादाच्या भाषेतून कसा प्रकट होतो, याचे विश्लेषण करता येईल.
• कलाकृतीचा आस्वाद आणि तिच्यातील मूल्यांचा स्वीकार यांतील भेद ओळखता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सामाजिक कादंबरीचा परिचय करून घेतला. या घटकात आपण अशा एका प्रकाराकडे वळणार आहोत, जो आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात येण्यापूर्वीच आवडीने वाचलेला असेल. गावातल्या वाचनालयातून आणलेली, पाने सैल झालेली, पुढच्या वाचकाची पाळी चुकू नये म्हणून आठवडाभरात वाचून संपवलेली ऐतिहासिक कादंबरी आपल्या घरांना अपरिचित नाही. तिच्यात एक राजपुरुष असतो, त्याच्या खांद्यावर राज्याचा भार असतो आणि त्याच्या आयुष्यात एक स्त्री असते. ती त्याच्यावर जीव लावते, परंतु स्वतःचे मन गहाण टाकत नाही.

अशा कादंबऱ्यांकडे 'रंजक' म्हणून दुर्लक्ष करण्याची वृत्ती अभ्यासकांत आढळते. परीक्षेच्या उत्तरात सामाजिक कादंबरीवर चार पाने लिहिणारा विद्यार्थीही आपल्याला 'स्वामी' आवडली, हे लिहिताना संकोचतो. हा संकोच अनावश्यक आहे. आवड ही समीक्षेची शत्रू नसून तिची सुरुवात आहे. आपल्याला काय आवडले आणि का आवडले, हे नेमक्या शब्दांत सांगता येणे म्हणजेच आस्वादक समीक्षा होय. प्रस्तुत घटकाचे मुख्य प्रतिपादन असे की, मराठी ऐतिहासिक प्रणयकादंबरीतील नायिकेचे सामर्थ्य घटनांपेक्षा तिच्या बोलण्यात शोधावे लागते. कारण घटना इतिहासाने ठरवून दिलेल्या असतात, बोलणे मात्र कादंबरीकाराने तिला दिलेले असते.

३.३ विषय विवेचन

३.३.१ 'कादंबरी' ही संज्ञा आणि अद्भुतरम्यतेची परंपरा

आपण ज्या साहित्यप्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, ते नावच मुळात एका प्रणयकथेतील नायिकेचे आहे. सातव्या शतकातील संस्कृत गद्यकार बाणभट्ट याच्या 'कादंबरी' या कथेत राजपुत्र चंद्रापीड आणि गंधर्वकन्या कादंबरी यांची प्रीती रंगवलेली आहे. ग्रंथाचे हे नाव मराठीने संपूर्ण साहित्यप्रकाराला दिले. आपल्या सीमेपलीकडील कन्नड भाषेतही हीच संज्ञा रूढ आहे. तेव्हा राजपुत्र, त्याची प्रिया, विरह आणि मीलन हे विषय मराठी कादंबरीत बाहेरून शिरलेले नाहीत; ते तिच्या नावातच आहेत.

बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय विधवांच्या दुःस्थितीचा होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह सुरू झाला. संकटांत सापडलेली सद्गुणी नायिका, कपटी खलपुरुष, योगायोग आणि अखेरीस सुखान्त अशी या कादंबऱ्यांची घडण होती. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड'ने शिवकाळाची पार्श्वभूमी घेतली. ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढे हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीला भक्कम पाया दिला. त्यांच्या 'रूपनगरची राजकन्या'मध्ये औरंगजेबाशी होणारा विवाह नाकारून मेवाडच्या राजसिंहाला साहाय्यासाठी हाक घालणारी राजकन्या आहे. स्वतःचा वर स्वतः निवडणारी मानी नायिका मराठी ऐतिहासिक कादंबरीत इतक्या लवकर आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३.३.२ कोल्हापूर परिसर आणि ऐतिहासिक कादंबरी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रकाराला जो बहर आला, त्यात कोल्हापूर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. चंदगड तालुक्यातील कोवाड हे रणजित देसाई यांचे गाव. त्यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रकाशित झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. 'छावा' (१९७९) लिहिणारे शिवाजी सावंत याच जिल्ह्यातील आजऱ्याचे. वि. स. खांडेकर यांचे दीर्घ वास्तव्य कोल्हापुरात होते. त्यांची 'ययाति' (१९५९) पौराणिक कथेवर आधारलेली असली, तरी राजा आणि त्याच्या जीवनातील दोन मानी स्त्रिया हाच तिचा गाभा आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा तिथे स्वतःच्या मुखाने आपली कहाणी सांगतात. याच काळात ना. सं. इनामदार यांनी 'राऊ' (१९७२) मध्ये बाजीराव-मस्तानी आणि 'शिकस्त' (१९८३) मध्ये सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांची कथा मांडली.

या कादंबऱ्या वाचकांपर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः वाचनालयांमुळे. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्माआधीची आहे. पुढे दूरदर्शनवरील 'स्वामी' मालिकेने आणि 'रमा माधव' (२०१४), 'बाजीराव मस्तानी' (२०१५) या चित्रपटांनी या कथा न वाचणाऱ्यांपर्यंतही नेल्या.

३.३.३ ठाऊक असलेला शेवट आणि उत्कंठा

इंग्रजीतही या प्रकाराची मोठी परंपरा आहे. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील उमराव आणि त्यांना चोख उत्तरे देणाऱ्या तरुणी यांच्या अनेक प्रणयकथा लिहिल्या. त्या कथांतील नायक-नायिका काल्पनिक असतात. शेवटी विवाह होणार, हा वाचक आणि लेखिका यांच्यातील अलिखित करार असतो. वाचकाचे कुतूहल एवढेच असते की, हे दोन ताठ स्वभाव एकमेकांपुढे कसे नमतील.

मराठी प्रकाराची स्थिती याहून निराळी आहे. येथे नायक-नायिका इतिहासातील असतात आणि विवाह बहुधा कथेच्या आरंभीच झालेला असतो. पेशवे कुळातील विवाह लहान वयात होत. म्हणून येथे प्रणय हा विवाहाच्या दिशेने जात नाही. विवाहाने बांधलेली दोन माणसे एकमेकांना हळूहळू ओळखू लागतात, हा येथील प्रणय होय. शेवटही सुखाचा नसतो. माधवराव पेशवे १७६१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने निवर्तले. बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे झाला. हे सारे मराठी वाचकाला पहिले पान उघडण्यापूर्वीच ठाऊक असते.

मग उत्कंठा कशाची? येथे उत्कंठा 'काय होईल' याची नसते, तर 'मधल्या काळात त्यांना एकमेकांसाठी किती वेळ मिळेल' याची असते. माधवरावांच्या अकरा वर्षांत निजामाशी राक्षसभुवनची लढाई (१७६३) आहे, हैदरअलीविरुद्धच्या कर्नाटकातील मोहिमा आहेत, काका रघुनाथरावांशी झालेले संघर्ष आहेत. या सर्वांमधून उरलेल्या सवडीतच संसार व्हायचा असतो. राज्य आणि संसार यांची ही ओढाताण हाच मराठी ऐतिहासिक प्रणयाचा कणा आहे. ज्यांनी नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम स्वीकारला आहे, त्यांना कर्तव्यातून उरलेल्या वेळाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पेशव्यांच्या कथेशी आजचा वाचक जोडला जातो तो इथेच.

३.३.४ नायिकेचा मानीपणा : भाषेच्या अंगाने

संस्कृत काव्यशास्त्रात 'मानिनी' म्हणजे प्रियकरावर रुसलेली नायिका. तिथे 'मान' हा प्रणयातला रुसवा आहे आणि नायकाने समजूत घातली की तो संपतो. मराठीत 'मानी' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मानी माणूस स्वाभिमानी असतो. समजूत घातल्याने त्याचा मानीपणा संपत नाही. ऐतिहासिक कादंबरीतील नायिका पहिल्या अर्थाने मानिनी असतेच, परंतु वाचकाला भावते ती दुसऱ्या अर्थाने मानी असल्यामुळे.

हा मानीपणा दाखवायचा कसा, ही कादंबरीकारापुढील अडचण असते. जुन्या घरंदाज कुटुंबात पत्नीने पतीचे नाव घेऊ नये, असा संकेत होता. नाव घ्यायचे ते उखाण्यातच. एरवी 'इकडून', 'इकडची स्वारी', 'तिकडे' अशा शब्दांनी काम भागवले जाई. "इकडून केव्हा येणं झालं?" या वाक्याची रचना पाहा. 'इकडून' हे दिशा दाखवणारे अव्यय आहे, व्यक्तीचे नाव नव्हे. 'येणे' या धातुसाधित नामाला 'झालं' हे नपुंसकलिंगी एकवचनी क्रियापद जोडलेले आहे. परिणामी या वाक्यात कर्ता उरतच नाही. उरते ती केवळ दिशा आणि घडलेली क्रिया. 'इकडची स्वारी आली' या वाक्यात तर 'स्वारी' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने पतीच्या येण्याचे क्रियापदही स्त्रीलिंगी होते. आदर इतका की, पुरुष व्याकरणातूनच अदृश्य होतो.

आता विवेचनासाठी आपणच रचलेला एक संवाद पाहू :

"मोहिमेवर निघायचं ठरलं आहे."
"इकडून ठरवणं झालं, ते कानावर आलं. पण मी वाड्यात थांबणार नाही."

उत्तराच्या पहिल्या वाक्यात मर्यादेचे पूर्ण पालन आहे. 'ठरवणं झालं', 'कानावर आलं' ही दोन्ही क्रियापदे कोणाकडेही बोट दाखवत नाहीत. दुसऱ्या वाक्यात मात्र 'मी' हा कर्ता स्पष्ट उभा राहतो आणि 'थांबणार नाही' हे क्रियापद सरळ त्याच्याशी जोडले जाते. पतीविषयी बोलताना कर्ता लपवणारी स्त्री स्वतःविषयी बोलताना कर्ता लपवत नाही. आवाज चढलेला नाही, आदर सुटलेला नाही, आणि तरीही नकार पूर्ण आहे. मराठी नायिकेचा मानीपणा या दोन वाक्यांमधल्या अंतरात असतो.

अशा वेळी वाचकाने पुढील चार जागांकडे लक्ष द्यावे.

१. नकार : नायिका कोणत्या गोष्टीला 'नाही' म्हणते आणि 'नाही' म्हणताना वाक्याचा कर्ता कोण असतो?
२. प्रश्न : 'माझ्याशी बोलून ठरवायचं नव्हतं का?' यासारखा प्रश्न विधानापेक्षा धारदार असतो, कारण त्याचे उत्तर देणे नायकाला भाग पडते.
३. संबोधनातील बदल : 'इकडून' म्हणणारी नायिका निर्वाणीच्या क्षणी थेट 'तुम्ही' म्हणू लागली, तर तो एक शब्द संपूर्ण प्रसंगाचे वजन वाहतो.
४. मौन : उत्तर अपेक्षित असताना ते न देणे हीदेखील भाषिक कृती आहे.

नायकाच्या भाषेतही असाच पालट शोधावा. उमराव नायकाची सवयीची भाषा आज्ञेची असते. 'निघा', 'आणा', 'कळवा' ही त्याची नित्याची रूपे. तोच नायक पत्नीपाशी येऊन 'निघायचं ना?' असे विचारतो, तेव्हा आज्ञार्थाचे प्रश्नात रूपांतर झालेले असते. प्रेम या शब्दाचा उच्चारही न करता प्रेम व्यक्त होते ते या रूपांतरातून.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कादंबरीतील ही भाषा म्हणजे पेशवेकाळातील भाषेचे जसेच्या तसे दर्शन नव्हे. पेशवे दप्तरातील मोडी कागदपत्रांची भाषा ठरावीक मायन्यांची आणि फारसी शब्दांनी भरलेली आहे. कादंबरीकार त्यातील 'मसलत', 'खलबत', 'जासूद', 'फड' असे मोजके शब्द उचलतो, त्यांना नंतरच्या काळातील घरगुती मराठीची जोड देतो आणि काळाचा आभास निर्माण करतो. हा आभास कितपत टिकतो, यावर कादंबरीचे यश बरेचसे अवलंबून असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
योग्य पर्याय निवडून वाक्ये पूर्ण करा.
(अ) मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ........ ओळखली जाते. (मुक्तामाला / मोचनगड / उषःकाल)
(आ) 'इकडून येणं झालं' या वाक्यातील क्रियापद ........ आहे. (पुल्लिंगी / स्त्रीलिंगी / नपुंसकलिंगी)
(इ) 'शिकस्त' ही कादंबरी ........ यांच्या जीवनावर आधारित आहे. (रमाबाई / पार्वतीबाई / मस्तानी)

३.३.५ कोणती मानी स्त्री नायिका होते?

कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर ताराबाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज चालवली. पुढे त्यांनीच पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी उभारली आणि त्यातून करवीरचे राज्य निर्माण झाले. मानीपणाच्या कसोटीवर मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्या तोडीची व्यक्ती विरळा. तरीही प्रणयकादंबरीच्या चौकटीत त्या सहजी बसत नाहीत. असे का व्हावे?

कारण प्रणयकथेला दोन इच्छा लागतात. एकीची इच्छा दुसऱ्याच्या इच्छेला भिडते, अडते, वळते, तेव्हा प्रणयकथा घडते. ताराबाईंचे सार्वजनिक जीवन पतीच्या निधनानंतर उजळले. त्यांची इच्छा भिडली ती बादशहाला आणि पुढे शाहू महाराजांना. ती राजकारणाची कथा आहे. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई अशाच करारी. मुलाशी मतभेद झाल्यावर त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. नातू सवाई माधवराव यांना त्यांनी लिहिलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचले की, अठराव्या शतकातील एक कर्तबगार स्त्री किती स्पष्ट बोलू शकत होती, याचा पुरावाच मिळतो. परंतु कादंबरीत अशी स्त्री बहुधा नायिका न ठरता नायिकेच्या वाटेतील अडसर ठरते. वाचकाची सहानुभूती तरुण सुनेकडे वळते आणि करारी सासू खलपात्राच्या जवळ जाते. एकाच गुणाला पत्नीत 'मानीपणा' आणि सासूत 'हट्ट' म्हणणाऱ्या या विभागणीकडे अभ्यासकाने डोळसपणे पाहिले पाहिजे.

पार्वतीबाईंचे उदाहरण या सर्वांहून वेगळे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते कधीच मान्य केले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. मध्यंतरी भाऊसाहेब म्हणवून घेणाऱ्या तोतयाचे बंड झाले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. या स्त्रीने शस्त्र धरले नाही, राज्य चालवले नाही. तिने एक शब्द स्वीकारायला नकार दिला. तो शब्द म्हणजे 'विधवा'. संपूर्ण समाज जे नाव द्यायला निघाला होता, ते तिने घेतले नाही. नायक अनुपस्थित असतानाही प्रणयकथा चालू राहू शकते, हे या चरित्रातून दिसते.

३.३.६ आस्वाद आणि मूल्यभान

आता या घटकातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. माधवरावांच्या निधनानंतर रमाबाई थेऊर येथे सती गेल्या. 'स्वामी'चा शेवट याच घटनेपाशी येतो आणि असंख्य वाचकांचे डोळे तिथे पाणावले आहेत. प्रश्न असा : हा शेवट नायिकेच्या इच्छाशक्तीचा कळस मानायचा की तिचा अंत?

रमाबाईंविषयी अस्सल कागदपत्रांतून मिळणारी माहिती थोडी आहे. त्यांचे मन, त्यांचे बोलणे, त्यांचे रुसवे हे बहुतांशी कादंबरीकाराच्या प्रतिभेने दिलेले आहेत. म्हणजे ज्या नायिकेवर आपण प्रेम करतो, ती कादंबरीत घडलेली आहे. पण तिचा शेवट इतिहासातून आलेला आहे. कादंबरीकार तो बदलू शकत नाही. तो त्याला अर्थ देऊ शकतो, आणि दिलेला अर्थ तपासणे हे वाचकाचे काम आहे. ज्या समाजात विधवेला जगण्याचे अन्य सन्माननीय मार्ग जवळजवळ बंद होते, तिथे 'तिने स्वेच्छेने निवडले' हे विधान अपुरे ठरते. निवड म्हणायला किमान दोन वाटा खुल्या असाव्या लागतात. सतीच्या चालीला बंदी घालणारा कायदा १८२९ साली बंगाल प्रांतात झाला, आणि १९८७ च्या केंद्रीय कायद्याने सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. या जाणिवेसह आज ही कादंबरी वाचणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे नव्हे.

डोळ्यांत आलेले पाणी खोटे नसते. ते पाणी दोन माणसांच्या अपुऱ्या राहिलेल्या सहवासासाठी असते. चितेला संमती देणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंत फरक करता आला की, आस्वाद कमी होत नाही. उलट अधिक जाणता होतो. अमेरिकेतील अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून असे दाखवले की, सतत इतरांसाठी राबणाऱ्या स्त्रीला वाचनाचा तो वेळ स्वतःचा वाटतो. कादंबरीतील मूल्ये परंपरेची असली तरी वाचण्याची कृती मात्र स्वातंत्र्याची असू शकते. आपल्याकडील घरांतही दुपारच्या कामातून सवड काढून वाचणाऱ्या स्त्रियांनी या कादंबऱ्यांना जिवंत ठेवले आहे. त्यांच्या आवडीचा आदर राखूनच समीक्षेने आपले प्रश्न विचारावेत.

३.४ सारांश

'कादंबरी' या संज्ञेतच प्रणयकथेची परंपरा सामावलेली आहे. 'मोचनगड'पासून सुरू झालेली ऐतिहासिक कादंबरी रणजित देसाई, शिवाजी सावंत, ना. सं. इनामदार यांच्या लेखनाने घरोघर पोहोचली. येथील प्रणय विवाहोत्तर असतो, शेवट ठाऊक असतो आणि उत्कंठा सहवासाच्या अवधीविषयी असते. नायिकेचा मानीपणा आदरार्थी भाषेची मर्यादा न मोडता नकार, प्रश्न, संबोधनातील बदल आणि मौन यांतून प्रकटतो. करारी स्त्रियांपैकी कोणाला नायिकापद मिळते, यामागे प्रणयकथेचे नियम तसेच समाजाची दृष्टीही असते. आस्वाद घेणे आणि मूल्ये स्वीकारणे या भिन्न क्रिया आहेत.

३.५ शब्दार्थ

मायना – पत्राच्या आरंभीचा ठरावीक मजकूर.
खलबत – एकांतातील गुप्त मसलत.
जासूद – पत्रे व बातम्या पोहोचवणारा सेवक.
फड – राज्यकारभाराची कचेरी.
तोतया – दुसऱ्याचे नाव व रूप धारण करणारा.

३.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मोचनगड (आ) नपुंसकलिंगी (इ) पार्वतीबाई

३.७ सरावासाठी प्रश्न आणि उपक्रम

१. 'मराठी ऐतिहासिक प्रणयकादंबरीतील उत्कंठेचे स्वरूप' सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'मानिनी' आणि 'मानी' या शब्दांतील अर्थभेद सांगून नायिकाचित्रणाच्या संदर्भात त्याचे महत्त्व विशद करा.
३. 'ययाति'मधील देवयानी आणि 'स्वामी'मधील रमाबाई यांच्या मानीपणाची तुलना करा.
४. उपक्रम : आपल्या आवडीच्या ऐतिहासिक कादंबरीतील पती-पत्नीचा एक संवाद निवडा. त्यातील नायिकेची प्रत्येक उक्ती तपासून कर्ता कुठे लपतो आणि कुठे उघड होतो, याचा तक्ता तयार करा. त्यानंतर घरातील वा शेजारच्या एखाद्या वयस्कर वाचक स्त्रीला तोच संवाद वाचून दाखवा आणि तिला नायिकेचे कोणते वाक्य आवडले, ते विचारून नोंदवा. आपला तक्ता आणि तिचे उत्तर शेजारी ठेवून दोन पानांचे टिपण लिहा.